लायनर बदलूनही मागच्या ड्रम ब्रेकचा आवाज परत येतो तेव्हा

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात, आणि या मागच्या ड्रमबद्दल एक तक्रार ठरलेली असते. चाकातून आवाज येऊ लागतो, गॅरेजमध्ये लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, बदलले जातात, महिना-दोन महिने बरे जातात आणि आवाज पुन्हा सुरू होतो. मग दुसऱ्यांदा लायनर बदलतात, या वेळी ‘ओरिजिनल’ म्हणून थोडे महागाचे, आणि काही दिवसांनी तोच प्रकार घडतो. असे वारंवार होत असेल तर आवाजाचे मूळ लायनरमध्ये नाही, असे धरूनच शोध सुरू करावा.

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचे डिस्क करतात आणि मागचे लायनर फार सावकाश झिजतात. ते झिजून संपेपर्यंत जी वर्षे जातात, त्या काळात ड्रमच्या आतले बाकीचे सामान मात्र खराब होत राहते. स्प्रिंगा ढिल्या पडतात, लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टरचे आटे गंजून जाम होतात, बॅकप्लेटवरचे, म्हणजे ड्रमच्या मागच्या स्थिर पत्र्यावरचे, ग्रीस वाळून जाते आणि ड्रमच्या कडेला गंजाची धार तयार होते. नवे लायनर बसवण्यासाठी ड्रम काढला की आतली धूळ झटकली जाते, अडकलेले भाग मोकळे होतात, मेकॅनिक सवयीने थोडे ग्रीस लावतो आणि आवाज थांबतो. श्रेय लायनरला मिळते. धूळ पुन्हा साचली, ग्रीस पुन्हा वाळले, की आवाज परत येतो.

आधी आवाज ड्रमचाच आहे ना, हे ठरवावे

मागून येणारा प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो. शॉकअपचे बुश, सायलेन्सर टांगायचे रबर, अ‍ॅक्सलला लागणारी हँडब्रेकची ढिली केबल, इतकेच काय, डिकीतला नीट न आवळलेला जॅकसुद्धा ब्रेकच्या नावावर खपून जातो. यावर एक सोपी चाचणी आहे. लहान गाड्यांत हातानं ओढायचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, हे लक्षात ठेवून मोकळ्या, सपाट आणि कोरड्या मैदानात गाडी ताशी १०-१५ किमी वेगाने न्यावी, हँडब्रेकचे बटण दाबून धरावे आणि दांडा अगदी हळू ओढावा. आवाज उमटला किंवा असलेला आवाज बदलला, तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. आवाज फक्त पायाने ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि हँडब्रेकने काहीच होत नसेल, तर आधी पुढचे पॅड आणि कॅलिपर पाहावेत. बटण सोडून हँडब्रेक खेचू नये, कारण चाक लॉक होऊन गाडी मागून फिरू शकते. रहदारीच्या रस्त्यावर तर ही चाचणी करूच नये.

कोणत्या बाजूचे चाक, हे ओळखण्यासाठी काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंड भिंतीला समांतर, हळू गाडी चालवावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला बाजू चटकन कळते. परतताना भिंत दुसऱ्या बाजूला येते, म्हणजे तुलनाही होते. त्याच वेळी आवाजाची लय मोजावी. लहान गाडीचे चाक एका फेरीत साधारण पावणेदोन ते दोन मीटर जाते, म्हणजे ताशी १० किमी वेगाला सेकंदाला सुमारे दीड फेरी होते. या लयीत ठरावीक अंतराने येणारा आवाज फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे ड्रमचा किंवा बेअरिंगचा असतो. चाकाच्या लयीशी संबंध नसलेला आवाज बहुधा स्थिर भागांचा, म्हणजे शू (ज्यांवर लायनर बसवलेले असतात त्या लोखंडी कमानी), स्प्रिंगा आणि बॅकप्लेट यांचा असतो. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे अर्धे क्षेत्र वगळता येते.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो

गॅरेजमध्ये आपण ‘किरकिर’, ‘खरखर’, ‘घरघर’ असे वर्णन करतो, पण प्रत्येकाचा कान वेगळा असल्यामुळे त्यातून मेकॅनिकला फारसे काही कळत नाही. वेळ सांगितली तर मात्र कळते.

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यानंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग ती नाहीशी होते. हा ड्रमच्या बिडाच्या पृष्ठभागावर रात्रीतून चढलेला गंजाचा पातळ थर असतो, लायनर तो पुसून टाकतात आणि त्यासाठी काहीही करण्याची गरज नाही. याच ऋतूत दुसरा प्रकार घडतो. हँडब्रेक लावून गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की शू गंजाने ड्रमला धरतात आणि गाडी काढताना ‘थाड्’ असा आवाज होऊन चाक सुटते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे विशेष होते. चाक सुटत नसेल तर इंजिनचा जोर लावून ओढू नये, कारण लायनरचा तुकडा शूपासून उखडला तर पुढचा सगळा आवाज त्याचाच होतो. गाडी हलक्या हाताने पुढे-मागे करून पाहावी आणि तरीही सुटली नाही तर चाक काढून ड्रमवर लाकडी किंवा रबरी हातोडीने टकटक करावी.

गाडी उभी असताना, सिग्नलला ब्रेक दाबताना किंवा सोडताना ‘कर्र’ असा आवाज येत असेल तर त्यात फिरणारे काहीच नाही, हे उघड आहे. हा शूची कड बॅकप्लेटवर कोरडी सरकत असल्याचा आवाज असतो. वारंवार परत येणाऱ्या तक्रारींत मला हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि लायनर बदलून तो कधीच कायमचा जात नाही.

गाडी रिव्हर्स घेतल्यावर पुढे जाताना पहिल्याच ब्रेकला एकदाच ‘टक्’ होत असेल, आणि पुन्हा रिव्हर्स घेतल्याशिवाय होत नसेल, तर चाकाची दिशा बदलल्यामुळे शू आपल्या जागेवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत आहेत. थोडीशी हालचाल सर्वच ड्रम ब्रेकमध्ये असते. पण आवाज ठळक असेल तर शू धरून ठेवणारी पिन आणि तिची स्प्रिंग ढिली झाली आहे, किंवा बॅकप्लेटवर खाच पडली आहे.

हलक्या ब्रेकला बारीक, चिरका आवाज येतो आणि जोरात दाबल्यावर तो थांबतो, हे लायनरला चकाकी आल्याचे लक्षण असते. नेहमी सपाट रस्त्यावर, कमी वेगात आणि एकटा माणूस बसलेली गाडी चालवली की मागच्या लायनरला कधी धड काम मिळत नाही आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. उलट घाट उतरताना गिअर न्यूट्रल ठेवून सतत ब्रेक दाबत राहिल्यास अति उष्णतेनेही तीच चकाकी येते.

ब्रेक दाबो न दाबो, चाक फिरताना सतत घासल्याचा आवाज येत असेल तर तीन शक्यता असतात. बॅकप्लेटची कड वाकून ड्रमला लागत असते, तिथे बारीक खडा अडकलेला असतो, किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नसल्यामुळे शू घासत असतात. शेवटच्या प्रकारात थोडे चालवून थांबल्यावर ते एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागते. मात्र हात रिमवर न ठेवता जवळ नेऊनच पाहावा. आवाज घासण्याचा नसून वेगाबरोबर वाढणारा घुमारा असेल, आणि वळणावर एका बाजूला वजन गेल्यावर बदलत असेल, तर तो बेअरिंगचा आहे आणि ब्रेकमध्ये शोधत बसू नये. ओम्नी किंवा ईकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत त्यात डिफरन्शिअलचाही, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचाही, संशय धरावा लागतो.

धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज प्रत्येक ब्रेकला येत असेल, किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर यातले काहीही करत न बसता गाडी बंद ठेवून ड्रम उघडावा.

ड्रम उघडताना

हे काम स्वतः करणार असाल तर गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक सोडावा, कारण तो ओढलेला असताना ड्रम निघत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, घोडी, म्हणजे गाडी पेलणारा पक्का स्टँड, लावावीच. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात आणि बेअरिंग ड्रममध्येच बसवलेले असते. तिथे मधला मोठा नट उघडावा लागतो, तो परत आवळण्याचा ठरलेला टॉर्क (जोर) असतो आणि नट नवा घालावा लागतो. टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजकडे सोपवावे. ड्रम वेगळा असलेल्या गाड्यांत त्याच्या तोंडावर बहुधा दोन आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे, बहुधा ८ मिमीचे, बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर येतो. कडेवर लोखंडी हातोडी मारली तर बीड तडकते किंवा बॅकप्लेट वाकते, आणि मग घासण्याचा एक नवाच आवाज सुरू होतो.

ड्रम थोडा बाहेर येऊन अडकला तर आतल्या झिजलेल्या भागाच्या कडेला उरलेली धार शूवर अडली आहे, असे समजावे. बॅकप्लेटच्या मागच्या छिद्रातून अ‍ॅडजस्टर ढिला करून शू आत घ्यावेत. आतली धूळ हवेने उडवू नये किंवा फुंकर मारू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनर फवारून ती ओलीच पुसून घ्यावी. एका वेळी एकच बाजू उघडावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे कोणती स्प्रिंग कोणत्या छिद्रात होती यावर नंतर वाद होत नाही.

काय पाहायचे

सर्वांत आधी बॅकप्लेट पाहावी, कारण तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. प्रत्येक शूच्या मागे प्लेटवर साधारण तीन, म्हणजे दोन्ही शूंसाठी मिळून सहा, किंचित उठावाच्या जागा असतात आणि शूची लोखंडी कड त्यांवर टेकून सरकते. या जागा सपाट आणि ग्रीसच्या पातळ थराने ओलसर असायला हव्यात.

रत्नागिरी भागातल्या एका हॅचबॅकचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. सिग्नलला ब्रेक सोडताना डाव्या मागच्या चाकातून आवाज येत होता आणि लायनर दोनदा बदलून झाले होते. ड्रम काढल्यावर नवे लायनर अगदी निरोगी दिसत होते, पण शू बाजूला केल्यावर खालच्या एका उठावावर चकचकीत खाच दिसली, इतकी की नख फिरवले तर त्यात अडकत होते. बाकीच्या जागांवर जांभ्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळून वाळली होती आणि तिची पॉलिश पेपरसारखी खरखरीत लुगदी झाली होती. माती आत आली कुठून, तर अ‍ॅडजस्टरच्या छिद्राला मागून लावायचे रबरी बूच जागेवर नव्हते. आधीच्या कोणत्या तरी कामात ते काढले गेले आणि परत बसवलेच गेले नाही. खाच वेल्डिंगने भरून, घासून सपाट केली, सहाही जागा साफ करून उष्णता सहन करणारे ब्रेक ग्रीस लावले आणि बूच नवे टाकले. लायनर तेच ठेवले. आवाज गेला.

खाच उथळ असेल तर कानसीने सपाट करणे पुरते. खूप खोल असेल आणि प्लेट गंजाने पातळ झाली असेल तर ती बदलावी. ग्रीस साधे चेसिसचे वापरू नये. ते उष्णतेने पातळ होऊन लायनरवर पोहोचते आणि आवाजाच्या जोडीला ब्रेक न लागण्याचीही तक्रार सुरू होते. उष्णता सहन करणारे ग्रीसही बोटाने पुसल्यासारखे पातळच लावावे.

त्यानंतर पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलणाऱ्या वरच्या व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हलकेच उचलून पाहावेत. आत नुसता ओलसरपणा असेल तर चालते, पण ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला किंवा खाली प्लेटवर काळा, चिकट ओघळ दिसला, तर सिलिंडर गळतो आहे. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन परत वापरता येत नाहीत. ते पेट्रोलने पुसून किंवा पॉलिश पेपरने घासून बसवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण गरम झाल्यावर आत मुरलेले ऑइल पुन्हा वर येते आणि ते चाक कधी जास्त धरते तर कधी धरतच नाही. सिलिंडर आणि लायनर दोन्ही बदलावेत, आणि लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकत्रच बदलावेत.

स्प्रिंगांची परीक्षा हाताने होते. वेटोळ्यांमध्ये फटी दिसत असतील, रंग उडून निळसर झाक आली असेल किंवा टोकाचा आकडा झिजून पातळ झाला असेल, तर त्या बदलाव्यात. सर्व स्प्रिंगा आणि पिना मिळून येणारे किट लायनरच्या मानाने स्वस्त असते, आणि तरीही ते क्वचितच मागवले जाते.

ड्रमच्या आत बोट फिरवून खोल चऱ्या पाहाव्यात आणि काळे-निळे डाग शोधावेत. हे डाग अति तापल्याचे असतात, त्या जागी बीड कडक होते आणि प्रत्येक फेरीला एकदा आवाज येतो. ड्रमचा गोलपणा गेला असेल तर आवाजाबरोबर पेडलही पायाखाली थरथरते. लांब घाट उतरून लगेच हँडब्रेक खेचून गाडी उभी केली की तापलेला ड्रम शूच्या दाबाखाली थंड होतो, आणि तेही याचे एक कारण असते. ड्रमवर त्याचा कमाल व्यास ओतीवातच लिहिलेला असतो. लेथवर टर्न केल्यावर, म्हणजे आतला पृष्ठभाग कातून सपाट केल्यावर, माप त्याच्या आसपास जाणार असेल तर लेथचे पैसे वाया न घालवता नवा ड्रम घ्यावा.

लेथवरून आलेल्या ड्रमचा आणखी एक आवाज आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. टर्न करताना कटिंग टूल पुढे सरकत जाते, त्यामुळे ड्रमच्या आत स्क्रूच्या आट्यांसारखी अतिशय बारीक सर्पिल रेषा उमटते. ब्रेक लावला की शू त्या रेषेवरून बाहेरच्या दिशेने ओढले जातात आणि ठरावीक ताणानंतर स्प्रिंगमुळे बॅकप्लेटवर परत आपटतात. हलक्या ब्रेकला ‘टक्... टक्...’ असे ऐकू येते आणि ड्रम लेथवर जाऊन आल्याआल्याच ते सुरू होते. यावर उपाय म्हणजे ड्रमच्या आत साधारण १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवातिडवा फिरवून त्या रेषेची दिशा मोडून टाकणे, आणि मग ड्रम साफ पुसून बसवणे. पंधरा मिनिटांच्या या कामाऐवजी अनेकांचे शू, स्प्रिंगा आणि कधी कधी बेअरिंगसुद्धा बदलले जाते.

परत बसवताना

अ‍ॅडजस्टर उघडून, आटे ब्रशने साफ करून त्यांना किंचित ग्रीस लावावे आणि ताऱ्यासारखे दातेरी चक्र बोटाने सहज फिरते ना, हे पाहावे. डाव्या आणि उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे बहुधा उलट असतात. ते अदलाबदल झाले तर आपोआप घट्ट होण्याऐवजी अंतर वाढत जाते, आणि एक बाजू एका वेळी उघडण्याचा आग्रह यासाठीही आहे.

आता सर्वांत जास्त होणाऱ्या चुकीबद्दल. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढले की हँडब्रेकचा दांडा फार वर येतो. त्या वेळी अंतर कमी करण्याऐवजी केबल आवळून दांडा खाली आणला जातो, कारण ते काम ड्रम न उघडता दोन मिनिटांत होते. पण केबल ताणलेली राहिली की शूवरची हँडब्रेकची पट्टी आपल्या मूळ जागी परत टेकत नाही आणि आपोआप जुळणारी यंत्रणा काम करणे थांबवते. शू एका ठिकाणी सतत घासतात, दुसरीकडे अंतर वाढतच जाते, पेडल खाली जाऊ लागते आणि आवाजही येतो. म्हणून आधी केबल पूर्ण ढिली करावी, अ‍ॅडजस्टरने शू इतके बाहेर आणावेत की ड्रम हाताने फिरवताना अगदी हलका स्पर्श जाणवेल, मग पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत, आणि शेवटी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांइतकी केबल आवळावी.

लायनर नवे घातले असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत. या काळात येणारी हलकी सरसर लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळत असल्याची असते आणि तिच्यासाठी काही उघडू नये. मात्र पावसाळ्यात गाडी सपाट जागेवर बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेकऐवजी गिअर आणि चाकाला ठोकळा यांवरच ठेवावी, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर उभी करण्यापूर्वी थोडे अंतर पेडल हलके दाबून चालवून ड्रम कोरडे करून घ्यावेत.